उत्तरातच प्रश्न असावा

पेशवेकाळात उत्तरादाखल लिहिलेली पत्रे वाचताना त्यांची एक पद्धत लवकरच ध्यानात येते. आधी पोच दिलेली असते : आपले पत्र पावले, मजकूर कळला. मग समोरच्याचा पहिला मुद्दा येतो : आपण अमुक लिहिले. लगेच ‘ऐशास’ म्हणून त्याचे उत्तर. मग दुसरा मुद्दा, पुन्हा ‘ऐशास’, पुन्हा उत्तर. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे बावीस खंडांपर्यंत हे काम नेले. त्या कागदांत ही रीत जागोजागी दिसते. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. जुन्या कागदांशी खानदेशाचा संबंध असा घरचाच आहे.

या दप्तरांत पत्रव्यवहाराची एकच बाजू हाती लागते असे पुष्कळदा होते. ज्या पत्राला उत्तर दिले ते पत्र वाळवीने खाल्लेले असते किंवा कुणाच्या माळ्यावरून रद्दीत गेलेले असते. तरीही त्यात काय होते हे आपल्याला कळते, कारण उत्तर लिहिणाऱ्याने समोरच्याचे म्हणणे आपल्या पत्रात नोंदवून ठेवले आहे. त्याने हे भावी संशोधकांसाठी केले नव्हते. स्वार पत्र घेऊन जाणार, पोहोचायला दिवस लागणार, तोवर समोरच्याला आपण काय विचारले होते त्याची आठवण राहील याची खात्री नाही, म्हणून केले होते.

ईमेलवरच्या चर्चेला हीच कसोटी लावावी असे मला मनापासून वाटते. तुमचे उत्तर एकटेच एखाद्याच्या हाती पडले, तर कशाला काय उत्तर दिले हे त्याला कळेल का? कळत असेल तर उत्तर चांगले. कळत नसेल तर भाषा कितीही नम्र असली तरी ते अपुरे आहे.

जळगाव-धुळ्यात अशा चर्चा आता सतत चालू असतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे क्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे. अभ्यासक्रमाचा मसुदा फिरायला लागला की एक प्राध्यापक रावेरला असतात, दुसरे शहाद्याला, तिसरे दोंडाईचाहून परतीच्या बसमध्ये. वाचनालयाची स्मरणिका, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, केळी उत्पादकांच्या कंपनीचा दरांचा प्रस्ताव, पुण्याला किंवा अमेरिकेला गेलेल्या भावंडांची जमिनीच्या वाटणीवरची बोलणी, अशी किती कामे सांगावीत. रोजची विचारपूस व्हॉट्सअ‍ॅपवर होते. जे जपून ठेवायचे, ज्याचा पुढे आधार घ्यायचा, ते मेलवर येते. म्हणूनच मेलवर उत्तर देण्याची रीत नीट बसवून घेणे गरजेचे आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी एका वाचनालयाची स्मरणिका निघते आहे. संपादकांनी सात जणांना मेल पाठवून तीन गोष्टी विचारल्या : मुखपृष्ठावर तापीचा फोटो घ्यावा का, जाहिरातींचे दर गेल्या वेळचेच ठेवावेत का, आणि लेखांची शेवटची तारीख कोणती असावी. एका सदस्याचे उत्तर आले : ‘हो, चालेल. पण ते जरा वाढवा.’ काय चालेल आणि काय वाढवा? दर की तारीख? संपादक फोन करणार, फोनवर ठरलेले बाकीच्या सहा जणांना कळणार नाही, आणि आठवड्याने कोणीतरी विचारणार की दर कोणी वाढवले. तेच उत्तर असे लिहिता आले असते :

> मुखपृष्ठावर तापीचा फोटो घ्यावा का?

घ्यावा. पण पुराच्या वेळचा नको.

> जाहिरातींचे दर गेल्या वेळचेच ठेवावेत का?

कागद महागला आहे. पूर्ण पानाचा दर वाढवावा, अर्ध्या पानाचा आहे तोच ठेवावा.

> लेखांची शेवटची तारीख कोणती असावी?

१५ ऑक्टोबर. त्यानंतर कापूस वेचणीमुळे ग्रामीण भागातले लेखक सापडणार नाहीत.

ओळीच्या सुरुवातीचे हे चिन्ह मेलच्या जुन्या काळापासून चालत आले आहे. ते असेल त्या ओळी दुसऱ्याच्या, नसेल त्या आपल्या, एवढाच त्याचा अर्थ. १९९५च्या ऑगस्टमध्ये विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटेल कंपनीच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी तयार केलेली इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची मार्गदर्शिका ‘आरएफसी’ या दस्तऐवजमालिकेत १८५५ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. उत्तर देताना मूळ मजकुराचा सारांश वर द्यावा किंवा संदर्भ समजेल एवढाच भाग ठेवावा, अख्खे पत्र उत्तराला जोडू नये, असे तिच्यात सांगितले आहे. पेशव्यांचे कारकून जे करत होते, त्याच्या हे फार जवळचे आहे.

आता अडचण मोबाइलची. बहुतेक लोक मेल मोबाइलवर वाचतात आणि त्यावरच उत्तर देतात. जीमेल आधीचा सगळा मजकूर तीन ठिपक्यांमागे लपवते. लिहिणारा वरच्या रिकाम्या जागेत दोन ओळी लिहून पाठवतो, आणि वाचणाराही त्या दोनच ओळी पाहतो. ठिपक्यांवर बोट ठेवून खाली कोणी जात नाही. अशा वेळी चिन्हे लावत बसण्यापेक्षा जुन्या पत्राची रीत जास्त उपयोगी पडते. प्रत्येक उत्तराच्या आधी प्रश्न आपल्या वाक्यात सांगावा : ‘जाहिरातींच्या दरांबद्दल तुम्ही विचारलेत. पूर्ण पानाचा दर वाढवावा असे मला वाटते.’ एवढ्याने काम होते. माझे मत विचाराल तर सर्वसाधारण वाचकांच्या गटात हीच पद्धत पहिली मानावी. चिन्हांची पद्धत मसुद्यावर ओळीओळीने बोलायचे असेल तेव्हा वापरावी.

कार्यालयांत आणखी एक प्रघात दिसतो : ‘माझी उत्तरे खाली लाल अक्षरांत दिली आहेत.’ हे टाळावे. मेल दुसऱ्या प्रणालीत उघडली किंवा काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापली की लाल रंग जातो. ज्यांना दिसत नाही ते संगणकाकडून मजकूर वाचून घेतात. त्यांना रंगाचा काहीच उपयोग नाही. रंग द्यायचाच असेल तर द्या, पण प्रत्येक उत्तराआधी आपले नाव किंवा आद्याक्षर घाला.

एकच प्रश्न असेल आणि ‘हो, शनिवारी चालेल’ एवढेच सांगायचे असेल, तर वर लिहून पाठवायला काहीच हरकत नाही. त्यातही ‘शनिवारी’ हा शब्द घातला आहे हे पाहा. नुसते ‘हो’ नको.

किती ठेवायचे आणि किती कापायचे? उत्तर ज्याला द्यायचे ते वाक्य ठेवा, ते समजायला लागेल एवढे आजूबाजूचे ठेवा, बाकी काढून टाका. सातव्या उत्तराच्या खाली आधीची सहा पत्रे, प्रत्येकाखाली संस्थेचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, गोपनीयतेची इंग्रजी सूचना, असा लांबलचक मजकूर ओढत नेण्यात कुणाचाच फायदा नाही. काढून टाकले म्हणजे अनादर झाला, अशी भीती अनेकांना वाटते. तसे होत नाही. मूळ मेल ज्याच्या त्याच्या खात्यात असतेच.

कापताना मात्र एक पथ्य आहे आणि ते मोडले की चर्चेचा विश्वासच जातो. कापल्याने अर्थ बदलता कामा नये. कोणी लिहिले असेल, ‘कापडी बांधणी करावी, पण निधी शिल्लक असेल तरच,’ आणि तुम्ही ‘पण’च्या आधीचे उचलून ‘खर्चाचा विचार न करता हे बांधणी सुचवत आहेत’ असे उत्तर दिलेत, तर तुम्ही त्या माणसाच्या तोंडी भलतेच घातले. मधला भाग गाळला तर तिथे तीन टिंबे द्या. शब्द बदलू नका. टंकलेखनाची चूक दिसली तरी दुसऱ्याच्या ओळीत ती दुरुस्त करू नका. हा नुसता सभ्यतेचा प्रश्न नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने इलेक्ट्रॉनिक नोंदी ठरावीक अटींवर न्यायालयात ग्राह्य धरल्या आहेत. वाटणी किंवा व्यवहाराच्या मेलमध्ये दुसऱ्याचे शब्द फिरवले, तर ते उद्या वकिलासमोर येऊ शकते.

दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे राखण्याचा एक मोठा आदर्श धुळ्यातच घडला आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि साने गुरुजींनी ती अठरा प्रवचने लिहून घेतली. गुरुजी स्वतः किती भावपूर्ण लेखक होते हे महाराष्ट्राला माहीत आहे. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. पण ‘गीता प्रवचने’ वाचताना आपल्याला विनोबाच भेटतात. लिहून घेणाऱ्याने आपली लेखणी किती मागे ठेवली असेल, याचा विचार करावा. मेलमध्ये दुसऱ्याचे दोन वाक्यांचे म्हणणे उतरवताना एवढे भान ठेवणे आपल्याला जड जायला नको.

बोलीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. आपल्याकडे अहिराणी आहे, लेवा पाटीदारांची बोली आहे. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या माहेरच्या, आसोद्याच्या बोलीचा बाज घेऊनच आली. त्या गाण्यांची भाषा कोणी पुस्तकी करून टाकली असती तर आपण काय गमावले असते ते सांगायला नको. चर्चेत एखाद्याने अहिराणीत मत मांडले, तर उद्धृत करताना ते अहिराणीतच ठेवा. बाहेरगावच्या सदस्यांसाठी प्रमाण मराठीत अर्थ हवा असेल तर तो खाली वेगळा द्या, आणि तो तुम्ही दिला आहे हे लिहा. मराठी रोमन लिपीत लिहिणाऱ्यांचेही तसेच.

बोलीची दुसरी बाजूही आहे. समोरासमोर ‘काय करी ऱ्हायना भो’ म्हटले की त्यात आपुलकी असते, कारण चेहरा दिसतो, हेल ऐकू येतो. तेच शब्द वीस जणांना जाणाऱ्या मेलमध्ये एखाद्याला उद्देशून आले तर जाब विचारल्यासारखे वाटू शकतात. खानदेशी बोलण्याचा रोखठोकपणा मला प्रिय आहे. पण उत्तर कागदावर एकटे जाते, लिहिणाऱ्याचा चेहरा बरोबर जात नाही. म्हणून मतभेद लिहिताना एखादे वाक्य जास्त खर्च करावे : तुमच्या म्हणण्यातले काय पटले ते आधी, काय पटले नाही ते नंतर.

नावांचा घोळ हा तर खास आपल्या भागाचा प्रश्न. जळगाव जिल्ह्यातल्या कुठल्याही गटात चार पाटील, तीन चौधरी आणि दोन महाजन असायचेच. ‘पाटील सरांनी म्हटल्याप्रमाणे’ हे वाक्य अशा गटात निरर्थक आहे. पहिले नाव घाला किंवा गाव घाला : चोपड्याचे पाटील सर, पारोळ्याच्या पाटील मॅडम. ‘नाना’, ‘अप्पा’, ‘बापू’ ही हाक घरच्या मेलमध्ये गोडच वाटते, पण संस्थेच्या चर्चेत नवख्या सदस्याला कोण नाना ते कळत नाही. पहिल्यांदा पूर्ण नाव लिहावे आणि मग पुढे नाना म्हणावे. उत्तरात दोघांची वाक्ये घेतली असतील तर प्रत्येकावर कोणाचे ते लिहा. ‘अमुक तारखेला अमुक यांनी लिहिले’ ही मेलने आपोआप टाकलेली ओळ पुष्कळजण कचरा समजून पुसतात. ती ठेवावी.

तारखेबद्दलही जुन्या दप्तरांतून शिकण्यासारखे आहे. कित्येक पेशवेकालीन पत्रांवर महिना आणि चंद्र, म्हणजे महिन्यातला दिवस, असतो, पण वर्ष नसते. त्यांचा काळ ठरवण्यात राजवाड्यांना आणि त्यांच्या पिढीला अपार श्रम पडले. त्या वेळी पत्र घेणारा निदान पत्रावर ‘पै॥’ करून ते कधी पोचले त्याची नोंद तरी ठेवी. आपण ‘काल सांगितल्याप्रमाणे’, ‘मागच्या मेलमध्ये’ असे लिहून मोकळे होतो. मेल चार दिवसांनी उघडणाऱ्याला कुठला काल? ‘१२ तारखेच्या माझ्या मेलमध्ये’ असे लिहिण्याची सवय लावा. सरकारी पत्रात ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या दोन ओळी असतात. अनेकांना त्या रुक्ष वाटतात, पण त्या दोन ओळींएवढी उपयोगी गोष्ट पत्रलेखनात क्वचितच असेल.

विषयाच्या ओळीचेही तेच. स्मरणिकेच्या मेलवर ‘रिप्लाय’ दाबून कोणी ग्रंथालयाच्या छपराची गळती लिहितो. चार महिन्यांनी छपराचे अंदाजपत्रक शोधताना ते सापडत नाही, कारण ते ‘मुखपृष्ठ’ या विषयाखाली पुरलेले असते. नव्या गोष्टीला नवी मेल. चर्चा हळूहळू वळत गेली असेल तर विषय बदला आणि पहिल्या ओळीत सांगा : हा मुद्दा जाहिरातींच्या चर्चेतून निघाला.

वाद झाला तर काय उद्धृत करावे? समोरच्याचे सर्वांत भक्कम वाक्य घ्यावे. घाईत लिहिलेले ढिसाळ वाक्य पकडून त्यावर चार परिच्छेद लिहिणे सोपे असते, पण मूळ प्रश्न तिथेच राहतो. प्रत्येक ओळ तोडून तिच्याखाली खंडन लिहिले की समोरच्याला पोलीस ठाण्यात जबाब देत असल्यासारखे वाटते. दोन किंवा तीन मुख्य मुद्दे घ्या, उरलेले सोडा. राजवाड्यांची मते प्रखर होती, त्यांच्या प्रस्तावना वाचताना आजही चटका बसतो. पण ज्या कागदांवरून ती मते बनली, ते कागद छापून ते वाचकापुढे ठेवत. पटत नसेल तर वाचकाने तपासून पाहावे, ही मोकळीक त्यात होती. मतभेदात मूळ वाक्य समोर ठेवण्याचे कारणही हेच आहे.

फाँटचा एक व्यावहारिक त्रास सांगायला हवा, कारण आपल्याकडे तो अजून संपलेला नाही. छापखान्यातून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर येतो. तो उचलून मेलमध्ये चिकटवला की पलीकडे निरर्थक चिन्हे दिसतात. पाठवण्याआधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, नाहीतर तेवढी चार वाक्ये हाताने टंकित करा. जुन्या ठरावाचा फोटो जोडला असेल तर ज्या वाक्याबद्दल बोलायचे ते मेलच्या मजकुरातही लिहा. फोटोतले शब्द पुढे शोधून सापडतीलच असे नाही.

शेवटी कोणाला पाठवायचे ते. ‘रिप्लाय ऑल’ दाबण्याआधी पाहा : हे उत्तर सगळ्यांच्या कामाचे आहे का? ‘अभिनंदन’ आणि ‘पोचले’ एकट्याला पाठवा. दर, तारीख, निर्णय सगळ्यांना. एखाद्याची चूक दाखवायची असेल तर आधी एकट्याला लिहा. खासगीत आलेली मेल त्याला न विचारता गटात ठेवू नका, त्यातले एक वाक्यही नको. जीमेलमध्ये साधे उत्तर दिले तर जोडलेल्या फाइली बरोबर जात नाहीत, फॉरवर्ड केली तर जातात. मानधनासाठी कोणी पाठवलेली आधार कार्डाची किंवा पासबुकाची प्रत अशीच वीस जणांकडे पोचते. फॉरवर्ड करण्याआधी खालपर्यंत जाऊन बघा आणि इतरांचे मोबाइल क्रमांक पुसा.

चर्चा संपली की एकाने, शक्यतो ज्याने ती सुरू केली त्याने, शेवटची मेल लिहावी. विषयात ‘निर्णय’ हा शब्द घालावा. काय ठरले, कोणाच्या सूचनेवरून, कोणत्या तारखेच्या मेलमध्ये, ते थोडक्यात द्यावे. ज्यांचे मत मान्य झाले नाही त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत एका वाक्यात नोंदवावे, कारण पुढच्या कार्यकारिणीला विरोध होता की नव्हता हे कळायला हवे. दुरुस्तीसाठी दोन दिवस द्यावेत. त्यानंतर ती मेल छापून संस्थेच्या फाइलला लावावी आणि एक प्रत सचिवांच्या वैयक्तिक खात्याऐवजी संस्थेच्या ईमेल खात्यात ठेवावी. सचिव बदलतात, त्यांच्याबरोबर पासवर्डही जातो.